‘आला तर’ आणि ‘आला असता तर’

जबलपूरच्या सराफ्यात मी गेली काही वर्षे भाड्याने राहतो. खाली चांदीच्या दागिन्यांचे दुकान, मधल्या मजल्यावर मालकांचे बिऱ्हाड आणि वरच्या दोन खोल्यांत आमचा संसार. खिडकीतून कमानिया गेटकडे जाणारी गर्दी दिसते. १९३९ साली त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची आठवण म्हणून ही कमान उभी राहिली. तिच्याखालून रोज ये-जा करणाऱ्यांना त्या अधिवेशनाचे स्मरण असतेच असे नाही. पण इतिहास हा असाच रहदारीच्या वाटेवर उभा असतो आणि आपण त्याच्या खालून भाजी घेऊन घरी येतो.

घरमालकांचा धाकटा मुलगा लिपिकपदाच्या स्पर्धापरीक्षेची तयारी करीत आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो इंग्रजीचे पुस्तक घेऊन वर येतो. मी केंद्र सरकारचा कारकून. त्याला जे व्हायचे आहे ते मी आधीच होऊन बसलो आहे, एवढ्याच अधिकारावर त्याचा गुरू झालो आहे. एके संध्याकाळी अटदर्शक वाक्यांचा धडा निघाला. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ शॉप’ हे वाक्य त्याने दोनदा वाचले आणि विचारले, “भैया, बात तो आज की है, फिर क्रिया भूतकाल की क्यों?”

पुस्तकात उत्तर होते : असा नियम आहे. तेच मी त्याला सांगितले आणि त्याने ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले. पण तो खाली गेल्यावर मला स्वस्थ बसवेना. हा प्रश्न मी वेळीच स्वतःला विचारला नव्हता, म्हणून एका माणसाला मी एकदा फार चुकीचे उत्तर दिले होते. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी त्या मुलाच्या प्रश्नाचा माग काढू. कारण तो माग पाणिनीपर्यंत जातो, आणि तेथून फिरून याच गावात, याच बाजारात येतो.

प्रथम नियम समोर ठेवू. इंग्रजी शाळेत अटदर्शक वाक्यांचे साधारण चार प्रकार शिकवतात. पहिला नित्य घडणाऱ्या गोष्टीचा : पाणी तापवले तर वाफ होते. दुसरा घडण्याजोग्या गोष्टीचा : ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम’, म्हणजे तो आला तर मी त्याला सांगेन. तिसरा आज नसलेल्या गोष्टीचा : सराफाच्या मुलाने वाचलेले वाक्य याच जातीचे. चौथा होऊन गेलेल्या आणि आता बदलू न शकणाऱ्या गोष्टीचा : ‘इफ ही हॅड कम, आय वुड हॅव टोल्ड हिम’, म्हणजे तो आला असता तर मी त्याला सांगितले असते. पहिल्या दोन प्रकारांत दार उघडे आहे. पुढच्या दोहोंत ते बंद आहे. सारे व्याकरण या एका दारापाशी उभे आहे.

आता मराठी वाक्यांकडे नीट पाहावे. ‘तो आला तर मी सांगेन’ या वाक्यात ‘आला’ हे रूप कोणते? भूतकाळाचे. गोष्ट मात्र उद्याची. ‘पाऊस आला तर थांबू’, ‘गाडी चुकली तर परत ये’, ‘साहेबांनी विचारले तर सांग’, ही सगळी वाक्ये भविष्याबद्दलची आहेत आणि साऱ्यांत क्रियापद भूतकाळी आहे. उघड्या दारासाठी मराठी भूतकाळाचे रूप वापरते आणि बंद दारासाठी ‘असता’ जोडते. इंग्रजीची रीत बरोबर उलटी : उघड्या दारासाठी वर्तमानकाळ आणि बंद दारासाठी भूतकाळ. एकच भूतकाळ दोन्ही भाषांत ‘जर’च्या घरात राहतो, पण एका घरात तो आशेच्या खोलीत राहतो, दुसऱ्या घरात निराशेच्या.

म्हणूनच मराठी मुलगा इंग्रजी बोलू लागला की ‘इफ ही केम, आय विल टेल हिम’ असे म्हणतो. त्याने मराठीचे ‘आला’ उचलून इंग्रजीत नेऊन ठेवलेले असते. ही चूक शिक्षक सुधारतात, कारण ती ऐकू येते. तिची जुळी बहीण मात्र ऐकू येत नाही : तोच मुलगा पुढे इंग्रजी वाचताना बंद दाराचे भूतकाळी रूप पाहतो आणि मनातल्या मनात ‘आला तर’ असे समजून दार उघडे मानतो. तेथे त्याला सुधारायला कोणी जवळ नसते. आपल्यापैकी बहुतेकांची भाकरी इंग्रजी बोलण्यावर नसून इंग्रजी वाचण्यावर आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

इंग्रजीत भूतकाळाला हे काम कसे मिळाले, याची कथा क्षयाची आहे. प्राचीन इंग्रजीत कल्पित गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपे होती. शब्दांचे अंत्य प्रत्यय झिजत गेले आणि ती रूपे इतर रूपांत मिसळून गेली. ‘इफ आय वेअर’ या प्रयोगातला ‘वेअर’ हा त्या पडक्या वाड्याचा उरलेला एक खांब. बाकीचे काम भूतकाळाने उचलले. जे काळाने दूर आहे त्याचेच रूप वास्तवापासून दूर असलेल्या गोष्टीला दिले, असे म्हटले म्हणजे सराफाच्या मुलाच्या शंकेचे निरसन होते. येथे भूतकाळ ‘काल’ सांगत नाही, ‘नाही’ सांगतो.

आपल्या परंपरेत या ‘नाही’चा विचार फार जुना आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात लृङ् या लकाराची योजना केली आणि त्याचे क्षेत्र ‘क्रियातिपत्ति’ या शब्दाने आखून दिले. क्रिया घडावयाची, पण कारण न जुळल्यामुळे घडली नाही, ती क्रियातिपत्ति. पुढच्या वैयाकरणांनी त्यासाठी दिलेले ठरीव उदाहरण पावसाचे आहे : चांगली वृष्टी झाली असती तर सुकाळ झाला असता. आपल्या शालेय व्याकरणांतले संकेतार्थाचे नेहमीचे उदाहरणही पाऊस आणि पीक यांचेच असते. शेतीवर जगणाऱ्या देशाला न घडलेल्या गोष्टीचे दुसरे कोणते उदाहरण आधी सुचणार?

लृङ्चे रूप न्याहाळण्यासारखे आहे. ‘अभविष्यत्’ यात भविष्याचा ‘स्य’ आहे आणि त्याच्या आधी भूतकाळाचा ‘अ’ लागलेला आहे. जे होणार होते त्यालाच भूतकाळाचे टोपण घातले. इंग्रजीचा ‘वुड’ तरी काय आहे? ‘विल’चे भूतकाळी रूप. हजारो कोसांच्या अंतरावरील दोन भाषांनी न घडलेली गोष्ट सांगण्यासाठी एकच युक्ती योजली : भविष्य घ्यावे आणि त्यावर भूतकाळाची मोहर उठवावी. माणसाची हळहळ सर्वत्र एकाच जातीची असते, असे यावरून मानावेसे वाटते.

संस्कृतातील हा लकार लोकांच्या तोंडी टिकला नाही. प्राकृतात त्याची रूपे लोपत चालली. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताची व्यवस्था लावली. तेथे क्रियातिपत्तीच्या अर्थी ‘न्त’ आणि ‘माण’ हे वर्तमानकालवाचक धातुसाधितांचे प्रत्यय वापरावेत असे तो सांगतो. या ‘न्त’चाच वंशज म्हणजे आपला ‘त’. मराठीत ‘तो घरी असतो’ आणि ‘तो घरी असता तर’ ही दोन्ही रूपे त्याच एका धातुसाधितातून निघाली. एका स्वराने त्यांची वाट वेगळी झाली. ‘असतो’ म्हटले की माणूस घरात आहे; ‘असता’ म्हटले की घर रिकामे. मला तर वाटते, अख्ख्या मराठी भाषेत एवढ्या थोड्या अंतरावर एवढा मोठा वियोग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हिंदीनेही तोच वारसा जपला. ‘बारिश होती तो फसल होती’ हे वाक्य सराफाचा मुलगा रोज बोलतो. ‘बारिश हुई तो’ म्हणजे उघडे दार आणि ‘बारिश होती तो’ म्हणजे बंद, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. म्हणजे त्याची अडचण आणि माझी अडचण एकच होती. दोघांच्याही मातृभाषेत हा भेद स्वच्छ होता. इंग्रजीत शिरताना दोघांनीही तो दाराबाहेर पायताणासारखा काढून ठेवला होता.

मराठीतील हा भेद ग्रंथात नांदू लागला तो एकोणिसाव्या शतकात. १८०५ साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास निघाले होते. पण ते इंग्रजीत, इंग्रजांसाठी. मराठीत, मराठी मुलांसाठी व्याकरण लिहिण्याचा मोठा उद्योग १८३६ साली फळास आला. त्या वर्षी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचेही व्याकरण निघाले. दादोबांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे. त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता आणि त्यात मराठी ओतताना त्यांना पदोपदी नवे नाव घडवावे लागत होते. त्यांनी सुरू केलेल्या आणि पुढच्या व्याकरणकारांनी पक्क्या केलेल्या परंपरेत क्रियापदाचे ‘अर्थ’ ठरले : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. १९११ साली मोरो केशव दामले यांनी आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या सर्व विचाराची कसून फेरतपासणी केली. ‘संकेत’ म्हणजे येथे अट; पण शब्दात खुणेचाही अर्थ आहे, आणि तो मला अधिक आवडतो. संकेतार्थ ही बंद दारावरची खूण आहे.

दादोबांना लोक मराठीचे पाणिनी म्हणतात. ते पुढे डेप्युटी कलेक्टर झाले, म्हणजे आपल्याच जातकुळीचे सरकारी चाकर. ही गोष्ट परमुलखात फायली चाळणाऱ्या आपल्यासारख्यांना थोडी सुखावणारी आहे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलांसाठी तर्खडकर या आडनावाचा आणखी एक ठेवा आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला आमच्या आजोबांच्या पिढीने घोकली. मराठी वाक्य द्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी द्यावे, त्याचे मराठी करावे. टपाल, तार, रेल्वे, हिशेब तपासनीसांच्या कचेऱ्या यांत भरती होऊन रावळपिंडीपासून रंगूनपर्यंत गेलेल्या कितीतरी मराठी कारकुनांची शिदोरी अशीच दोन भाषांच्या उंबऱ्यावर बांधलेली होती.

आता या १८३६ सालाकडे जबलपूरच्या बाजूने पाहावयाचे आहे. हे गाव तेव्हा इंग्रजांच्या हाती येऊन दोन दशकेही लोटली नव्हती. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले. १७९८ साली ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी जिंकले. त्यानंतर सागर-नर्मदा मुलूख या नावाने हा प्रदेश चालला. सागरला ज्या सरकारी शाळेची स्थापना १८३६ साली झाली तीच पुढे वाढून १८७३ साली जबलपुरास आली आणि रॉबर्टसन कॉलेज म्हणून नावाजली. म्हणजे मुंबईत ज्या वर्षी मराठी व्याकरण छापले जात होते, त्याच वर्षी या बाजूला इंग्रजी राजवटीची नवी शाळा उघडत होती.

पण त्या वर्षी जबलपुरात ‘जर-तर’चा खरा व्यवहार शाळेत चालत नव्हता, तो तुरुंगात चालत होता. विल्यम स्लीमन हा ठगांच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी येथे ठाण मांडून होता. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश असलेले त्याचे ‘रामासियाना’ हे पुस्तक १८३६ साली कलकत्त्यास छापले गेले. त्याच वर्षी कंपनी सरकारने तिसावा कायदा केला : ठगांच्या टोळीत सामील होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप, मग ते सामील होणे कायद्याच्या आधीचे असो वा नंतरचे.

स्लीमनची सारी यंत्रणा माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. पकडलेल्या ठगाला सांगण्यात येई की, तू सारे खरे सांगितलेस आणि साथीदारांना पकडून दिलेस तर तुला फाशी होणार नाही, काळे पाणी होणार नाही. फिरंगिया या नावाने प्रसिद्ध असलेला ठग १८३० च्या अखेरीस हाती लागला आणि त्याने हा सौदा पत्करला. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या जबान्यांवरून शेकडो माणसे फासावर गेली किंवा समुद्रापार धाडली गेली. जबान्या हिंदुस्थानीत होत. वरिष्ठांकडे त्यांचे इंग्रजी तर्जुमे जात. मधे कोणी मुनशी असे, कोणी कारकून असे. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

या अटीचा दुसरा अर्धा भाग नीट वाचावयास हवा. ‘तर’च्या पुढे काय होते? फाशी नाही आणि काळे पाणी नाही, एवढेच. ‘तर तू सुटशील’ असे तेथे नव्हते. आणि ते साक्षीदार सुटलेही नाहीत. १८३७ च्या सुमारास जबलपुरात त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू आणि सतरंज्या-गालिचे विणले जाऊ लागले, आणि पुष्कळांचे आयुष्य त्या भिंतींच्या आतच संपले. अट पाळली गेली. वचनही मोडले गेले नाही. तरीही ‘जर’ उच्चारणारा आणि ‘जर’ ऐकणारा यांच्या मनातला ‘तर’ एकच होता का, ही शंका मला त्या बाजूने जाताना दर वेळी येते. जीव टांगणीला लागलेला माणूस अटीच्या पहिल्या अर्ध्या भागावर प्राण एकवटतो. दुसरा अर्धा भाग त्याला ऐकू येतो तो त्याच्या आशेच्या मापाने.

अशा साक्षीवर किती विसंबावे हा प्रश्न इतिहासकार आजही विचारतात, आणि ठगांविषयी त्या काळी रचलेले चित्र कितपत खरे यावर वाद आहे. कायद्यालाही ही अडचण जाणवली होती. १८७२ च्या पुरावा कायद्याने एका हाताने साथीदाराची साक्ष ग्राह्य मानली आणि दुसऱ्या हाताने न्यायाधीशाला बजावले की, तिला अन्य आधार नसेल तर ती अविश्वसनीय धरता येईल. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. पण माफीची अट आजही जुन्याच धाटणीची आहे : ठाऊक आहे ते सारे, खरे आणि पूर्ण सांगितले तरच. जबलपूरच्या तुरुंगात घासून गुळगुळीत झालेले ते वाक्य अजून चलनात आहे.

‘तर’ची ही कथा झाली. ‘जर’ची कथा सांगायला सराफ्यात परत यावे लागेल, कारण ‘जर’ म्हणजे नेमके काय हे सराफांना व्याकरणकारांइतकेच चांगले समजत असे. हुंडीच्या अनेक जातींत एक ‘जोखमी हुंडी’ होती. माल सुखरूप पोहोचला तर पैसे द्यावयाचे. वाटेत बुडाला, लुटला गेला तर देणे नाही. हुंडीच्या पोटात विमाच भरलेला असे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाची इंग्रजी दृष्टी निराळी होती. त्याच्या मते विनिमयपत्रातला हुकूम बिनशर्त असला पाहिजे. ‘जर’ आला की ते विनिमयपत्र नव्हे. मात्र देशी भाषांतील दस्तऐवजांची स्थानिक चाल त्या कायद्याने राखून ठेवली, म्हणून हुंडी जगली.

त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात व्याकरणाचा एक सुंदर धडा दडलेला आहे. पैसे देण्याची वेळ एखाद्या घटनेवर ठेवली, आणि ती घटना केव्हा घडेल हे अनिश्चित असले तरी ती घडणार हे सर्वसाधारण मनुष्याच्या अपेक्षेप्रमाणे निश्चित असले, तर ते वचन सशर्त ठरत नाही. अमुक माणूस मेल्यावर पैसे देईन, हे बिनशर्त. त्याचे लग्न झाले तर देईन, हे सशर्त. मरण हे ‘जेव्हा’ आहे आणि लग्न हे ‘जर’. इंग्रजीतील ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांमधला भेद याहून थोड्या शब्दांत शिकवता येईल असे मला वाटत नाही. मी हे सराफाच्या मुलाला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की, हे त्याच्या आजोबांना कायद्याशिवायच ठाऊक असणार.

आपल्या मराठीत मात्र येथेही एक निसरडी जागा आहे. ‘साहेब आले की सांगतो’ यात ‘जेव्हा’ आहे. ‘साहेब आले तर सांगतो’ यात ‘जर’ आहे. आणि दोन्हींत ‘आले’ एकच. एका ‘की’वर आणि एका ‘तर’वर माणसाचा दिवस तोलला जातो. कचेरीच्या बाकावर सकाळपासून बसलेल्या माणसाला यांतला कोणता शब्द ऐकवला, याचा हिशेब कोणत्याही रजिस्टरात राहत नाही.

आता ती हकीकत. मी नोकरीत नवा होतो. कोणत्या गावी आणि कोणत्या कचेरीत, याला महत्त्व नाही. तेथल्या एका शिपायाचे आकस्मिक निधन झाले होते. त्याची पत्नी सौंसरकडची, मराठी बोलणारी. अनुकंपा तत्त्वावर मुलाला नोकरी मिळावी म्हणून तिने अर्ज केला. पण घरच्या गोंधळात विहित मुदत उलटून गेली होती. काही महिन्यांनी वरून उत्तर आले. ती कचेरीत आली तेव्हा मराठी जाणणारा मीच एक तेथे होतो. तिने पत्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, “भाऊ, काय लिहिलं आहे ते मराठीत सांगा.”

पत्रात कामाचे वाक्य एकच होते : ‘हॅड द ॲप्लिकेशन बीन रिसीव्हड इन टाइम, द केस वुड हॅव बीन कन्सिडर्ड.’ येथे ‘इफ’ देखील नव्हता. इंग्रजी लेखनात तो गाळून ‘हॅड’ वाक्याच्या तोंडी नेतात, अर्थ तोच. मी भरभर वाचले. टेबलावर कागदांचा ढीग होता आणि मागे कोणीतरी हाक मारीत होते. भूतकाळ दिसला, विचार करण्याची गोष्ट दिसली, आणि माझ्या मराठी कानाने त्याचे ‘आला तर’ करून टाकले. मी म्हणालो, “वहिनी, अर्ज वेळेत आला तर विचार करू, असे म्हणतात.”

तिचा चेहरा उजळला. पुढची वेळ कोणती, कोणते कागद लागतील, एवढेच तिने विचारले आणि मी उत्साहाने यादी करून दिली. महिन्याभराने ती पुन्हा आली. मुलाच्या गुणपत्रिका, रहिवासाचा दाखला, वारसाचा दाखला, सारे प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणले होते. त्या दाखल्यांसाठी तिने तहसीलीत किती फेऱ्या घातल्या असतील, किती रोज बुडवले असतील, हे मी विचारले नाही. मी फाईल काढली, पत्र पुन्हा वाचले, आणि या वेळी मला ते वाक्य वाचता आले. अर्ज वेळेत आला असता तर विचार झाला असता. दार महिन्यापूर्वीच बंद होते. मी तिला सांगितले होते की ते उघडे आहे.

मी तिची क्षमा मागितली. ती रागावली नाही. पिशवी परत बांधता बांधता ती म्हणाली, “तेव्हाच सांगितलं असतं भाऊ, तर पोराला दुसरीकडं लावला असता.” तिच्या त्या एका वाक्यात संकेतार्थ इतका निर्दोष होता की पाणिनीनेही त्यात काही सुचवले नसते. शाळेचे चार वर्ग शिकलेल्या त्या बाईला जो भेद जन्मतः ठाऊक होता, तो मला पदवी घेऊनही एका परक्या वाक्यात ओळखता आला नव्हता. तिच्या भाषेची दोन रूपे होती, आणि मी तिला नेमके चुकीचे दिले होते.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आहे. सरकारी कागदावर ‘इफ’, ‘प्रोव्हायडेड’, ‘अनलेस’ किंवा वाक्यारंभीचा ‘हॅड’ दिसला की मी थांबतो आणि मनातल्या मनात ते वाक्य मराठीत दोन्ही प्रकारे म्हणून पाहतो. ‘आला तर’ म्हणतो, मग ‘आला असता तर’ म्हणतो, आणि कोणते बसते ते पाहतो. नियमांच्या पुस्तकांतली परंतुकेही अशीच वाचतो. कारण मूळ नियम जे देतो ते परंतुक पुष्कळदा परत घेते, आणि विचारायला आलेल्या माणसाला आपण बहुधा नुसता मूळ नियमच ऐकवून मोकळे होतो.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या लोकांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. आपण दोन-तीन भाषांच्या सीमेवर बसलेले कारकून आहोत. जबलपूरच्या तुरुंगात दोनशे वर्षांपूर्वी जे मुनशी अटी समजावून सांगत, त्यांच्या जागेवर आपण बसलो आहोत. आपली मराठी बाहेर राहून गंजते, अशी खंत आपण वरचेवर करतो. मला तर उलट वाटते : इंग्रजी नीट कळावी म्हणूनच मराठी घासूनपुसून ठेवावयास हवी. ‘असतो’ आणि ‘असता’ यांतला फरक ज्याच्या कानात जिवंत आहे, त्याला इंग्रजीचे बंद दार ओळखण्याची किल्ली घरीच मिळालेली आहे.

सराफाच्या मुलाला पुढच्या धड्याला मी नवे उत्तर दिले. म्हटले, इंग्रजीने येथे भूतकाळ घातला तो ‘हे नाही’ असे सांगण्यासाठी; तुझ्या हिंदीत ‘होता तो’ जे करतो तेच. त्याने वहीतला जुना नियम खोडला आणि खाली आपल्या हाताने दोन हिंदी वाक्ये लिहिली : ‘पैसा हुआ तो दुकान लूँगा’ आणि ‘पैसा होता तो दुकान लेता’. मग पहिल्या वाक्यापुढे त्याने उघड्या दाराचे चित्र काढले आणि दुसऱ्यापुढे बंद दाराचे. खाली त्याच्या वडिलांनी दुकानाचे शटर ओढल्याचा आवाज आला. मी त्याला म्हणालो, परीक्षेत चित्रे काढू नकोस. पण नोकरी लागली, की समोर कोणी कागद घेऊन उभे राहील तेव्हा ही दोन दारे आठव.

‘लागली की’ म्हणालो, ‘लागली तर’ म्हणालो नाही. तेवढा एक ‘जेव्हा’ मी त्याला आपल्या खिशातून दिला.